उजवा गाल

त्या गल्लीत तिला सगळे सपाटबाई म्हणत. तोंडावर नाही, पाठीमागे. पण तिला ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. तिचं कामच होतं ते. मुलगा अंधारखोलीत फोटो छापायचा आणि धुऊन काढलेले ओले फोटो ती वाळवून सपाट करायची. नवरा होता तेव्हा नवरा छापायचा आणि सपाट तीच करायची. तो गेला, मुलगा त्याच्या जागी उभा राहिला, गिऱ्हाइकं बदलली, पण वाळवणीच्या खोलीत एकतीस वर्षं तीच. बाई फोटो सपाट करते तशी समोर आलेला माणूसही सपाट करते, असं कोपऱ्यावरच्या चप्पलवाल्याने एकदा म्हटलं आणि ते नाव चिकटलं ते चिकटलंच.

वाळवायचं म्हणजे काय, दोरीवर टाकलं की झालं, असं कुणी म्हटलं की ती त्या माणसाकडे असं बघायची की तो पुन्हा त्या वाटेला जात नसे. फोटोचा हा कागद जाड असतो आणि धुताना तासभर पाण्यात राहून पोटभर पाणी पितो. त्याच्या एका अंगावर सरसासारखा पातळ थर असतो आणि चित्र असतं ते त्या थरात. ओला असताना तो थर ज्याला लागेल त्याला चिकटतो. फार वाळला तर कागदाला आत ओढून घेतो. मग फोटोची सुरळी होते, आणि तशा सुरळीवर दाब दिला की थराला तडे जातात. म्हणजे कमी नको आणि जास्तही नको. मधली नेमकी वेळ साधायची, फोटो जाळीवरून उचलायचे, प्रत्येक फोटोच्या खाली-वर टिपकागद घालून थप्पी लावायची आणि ती लोखंडी प्रेसमध्ये ठेवायची. दोन तास मंद ऊब, मग सकाळपर्यंत नुसता दाब. टिपकागदही आधी प्रेसमध्ये गरम करून कोरडे करून घ्यायचे, नाहीतर तेच ओल देतात.

ती नेमकी वेळ ओळखायची कशी? बोटांनी नाही. बोटं दिवसभर पाण्यात, त्यांना सगळंच ओलं. सपाटबाई फोटो उचलायची आणि त्याची पाठ उजव्या गालाला लावायची. गार लागला तर आत पाणी आहे, नाही लागला तर वाळला. नवऱ्याने एकदा हवेतला ओलावा मोजायचं यंत्र आणलं होतं. तिने दोन दिवस ते यंत्र आणि गाल शेजारी शेजारी चालवले आणि तिसऱ्या दिवशी यंत्र कपाटावर गेलं. एकतीस वर्षांत आपल्या गालाने एकदाही दगा दिलेला नाही, हे ती कुणालाही सांगायची. त्याने विचारलं नसलं तरी.

सून घरात येऊन सहा वर्षं झाली होती आणि वाळवणीच्या खोलीत येऊन दोन. आधी ती बाहेर काउंटरवर बसून फोटोवरचे पांढरे ठिपके बारीक ब्रशने भरायची. हात हलका होता. तो पाहून सासूने तिला आत घेतलं आणि पहिल्याच दिवशी बजावलं, "आजपासून उजव्या गालाला काही लावायचं नाही. क्रीम नाही, पावडर नाही. थंडीत फुटला तर फुटू दे."

बिचारी दोन वर्षं एकाच गालाला क्रीम लावत होती. तुझी एक बाजू लग्नाला निघालीय आणि एक कामाला, असं नवरा तिला चिडवायचा. सासू मात्र मनातून खूश होती. पोरीला कळायला लागलं होतं. दहापैकी आठ वेळा दोघींचे गाल एकच सांगायचे. हे सपाटबाईने कधी बोलून मात्र दाखवलं नाही. कौतुकाने माणूस बिघडतं, असं तिचं मत होतं, आणि मत एकदा झालं की ते बदलायची तिला सवय नव्हती.

गालाखालोखाल तिला अभिमान होता तो दातांचा. चौसष्टाव्या वर्षी एकूण एक दात स्वतःचा. बरोबरीच्या बायका मऊ भात चिवडत बसायच्या तेव्हा ही मुद्दाम कडक काहीतरी मागून घ्यायची आणि आवाज करत चावायची. त्यामुळे उजवीकडचा वरचा एक दात ठणकायला लागला तेव्हा तिने ते कुणालाही सांगितलं नाही. पंधरा दिवस डावीकडून चावलं. सोळाव्या दिवशी डोळ्यापर्यंत कळ गेली, तेव्हा "जरा बाजारात जाऊन येते" म्हणून बाहेर पडली आणि आपल्याला कुणी ओळखणार नाही अशा भागातल्या दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे जाऊन बसली.

अकरा वाजता इंजेक्शन दिलं, सव्वाअकराला दात निघाला. डॉक्टरीणबाईंनी जागेवर कापूस दाबला आणि बऱ्याच सूचना दिल्या. तिने त्यातली एकही ऐकली नाही. ट्रेमध्ये पडलेल्या आपल्या दाताकडे ती बघत होती. घरी काय सांगायचं, याचाच विचार डोक्यात. काहीच सांगायचं नाही, असं ठरवून ती एक वाजता तोंड मिटून परत आली आणि थेट वाळवणीच्या खोलीत गेली.

पुढे काय झालं असेल ते तुमच्या लक्षात आलंच असेल. तिच्या मात्र आलं नाही.

जाळ्यांवर आदल्या दिवसापासून चोवीस फोटो पालथे पडले होते. गावच्या अग्निशमन केंद्रातल्या चोवीस जवानांचे चेहरे. केंद्राच्या जिन्यात एका रांगेत लागायचे होते. केंद्रप्रमुख स्वतः येऊन ऑर्डर देऊन गेले होते आणि मुलाने प्रत्येक चेहऱ्यावर अर्धा अर्धा दिवस घालवला होता. दोन दिवस हवा कुंद होती, त्यामुळे वाळायला वेळ लागत होता. सपाटबाईने पहिला फोटो उचलून उजव्या गालाला लावला. गार नाही. दुसरा लावला. त्याचंही तेच. तिसरा, चौथा, पाचवा, एकही गार नाही. इतके एकसारखे वाळलेले फोटो तिच्या हातून एकतीस वर्षांत गेले नव्हते. तोंडातल्या कापसाची चव विसरून ती क्षणभर खूश झाली.

सुनेने कडेच्या जाळीवरचे तीन फोटो गालाला लावून पाहिले. "आई, हे तीन मला गार लागताहेत."

सासूने ते तीन घेऊन आपल्या गालाला लावले आणि मान हलवली. कोरडे आहेत.

"नक्की ना? मला तर चांगलेच..."

तोंड उघडलं असतं तर कापूस दिसला असता. सपाटबाईने भुवया चढवल्या आणि पुन्हा मान हलवली, या वेळी जरा जोरात. सून गप्प झाली. सासूबाई आज कशावरून तरी रागावल्या आहेत, बोलतसुद्धा नाहीत, असं तिने मनाशी धरलं आणि टिपकागद गरम करायला घेतले. सगळे गरम केले, थप्पी लावली, प्रेसचं चाक फिरवलं. दोन तासांनी ऊब बंद केली.

संध्याकाळपर्यंत गाल पूर्ववत झाला. रात्री सपाटबाई दात गेलेल्या जागेवरून जीभ फिरवत झोपली आणि तिला जराही शंका आली नाही.

सकाळी प्रेस उघडली. पहिला टिपकागद उचलला तर त्याच्याबरोबर फोटोही आला. दुसऱ्याचं तेच. सुनेने तिसऱ्याचा कोपरा नखाने हलकेच सोडवायला घेतला तर जवानाच्या टोपीवरचा थर टिपकागदावर निघून आला. तिने हात मागे घेतला. मुलगा अंधारखोलीतून बाहेर आला, त्याने थप्पीकडे पाहिलं आणि पाण्याचा टब भरायला घेतला.

दिवसभर तिघांनी सगळी थप्पी गार पाण्यात भिजत घालून एकेक फोटो सोडवला. चोवीसपैकी सहा धड निघाले. बाकीच्यांच्या गालांवर, कपाळांवर टिपकागदाचे तंतू रुतून बसले होते. ओल्या कापसाने पुसायला गेलं तर चेहराच निघत होता. दुपारी मुलगा टबाच्या काठावर हात टेकून म्हणाला, "ओले होते फोटो."

"फोटो कोरडे होते," सपाटबाई म्हणाली. आणि हे ती अगदी प्रामाणिकपणे म्हणाली. "मी स्वतः बघितलेत. चोवीसच्या चोवीस."

"कडेचे तीन मला गार लागले होते," सून हळूच म्हणाली.

"तुझा गाल अजून कच्चा आहे."

"मग राहिले टिपकागद," मुलगा म्हणाला. त्याने बायकोकडे पाहिलं. "गरम केले होतेस ना सगळे?"

"केले होते. सगळे केले होते."

"एखादी गठ्ठी राहिली असेल."

"नाही राहिली."

"अगं, मग चिकटले कसे? भुताने येऊन पाणी शिंपडलं का?"

सुनेने सासूकडे पाहिलं. सासूने एक मोठा सुस्कारा सोडला आणि उदारपणे म्हणाली, "जाऊ दे. होतं असं. शिकताना होतं."

तिला वाटलं, आपण तिची बाजू घेतली.

मुलगा उरलेले अठरा फोटो पुन्हा छापायला बसला. घरात कुणी आवाज चढवला नाही, भांडण नाही, नेहमीसारखी जेवणं होत होती. सून मात्र कमी बोलायला लागली. सासूने मनात म्हटलं, लागलंय पोरीला, चार दिवसांत येईल ताळ्यावर.

सहाव्या दिवशी ती पुन्हा "बाजारात" गेली. जागा भरून आली का ते दाखवायचं होतं. डॉक्टरीणबाईंनी आरसा घालून पाहिलं आणि म्हणाल्या, "छान भरतंय. त्या दिवशी घरी जाऊन गरम काही प्यायला नाहीत ना?"

"का?"

"सांगितलं होतं ना मी. तीन-चार तास त्या बाजूला काही कळत नाही. गरम नाही, गार नाही. मागे एक गृहस्थ इथून घरी गेले, वाफाळता चहा प्यायले, ओठ भाजला, आणि त्यांना ते कळलं संध्याकाळी."

"गालालाही कळत नाही?"

"अहो, तुमचा वरचा दात. डोळ्याखालपासून ओठापर्यंत सगळं बधिर. गालावर बर्फ ठेवला असता तरी तुम्हाला समजलं नसतं."

सपाटबाई त्या खुर्चीत तशीच पडून राहिली. अकरा वाजता इंजेक्शन. एक वाजता जाळ्यांपाशी. तिने बोटांवर मोजलं. मधे दोनच तास. इतके एकसारखे वाळलेले फोटो! आपण खूश झालो होतो. "बाई, बरं वाटत नाहीये का?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. तिने नाही नाही म्हणत पिशवी सावरली आणि उठली. पिशवी रिकामी होती, बाजारातून काही घ्यायचं असतं याचीही तिला आज आठवण राहिली नव्हती.

घरी जाताना तिने ठरवलं, गेल्या गेल्या सांगून टाकायचं. निम्म्या वाटेवर ठरवलं, जेवणं झाल्यावर सांगू. दाराशी आली तोवर, सकाळी मुलाचं डोकं शांत असतं तेव्हा सांगू, यावर येऊन पोचली. मोठमोठ्या माणसांना एका वाक्यात गार करणारी ही बाई, पण "माझं चुकलं" हे दोन शब्द तिच्या तोंडात कधी बसलेच नव्हते. आणि सांगायचं म्हणजे दातापासून सांगायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी, ज्या तारखेला फोटो द्यायचे कबूल केलं होतं त्या तारखेला, केंद्रप्रमुख आले. भारदस्त माणूस, मोठी मिशी, आवाज दुकानाबाहेर जाईल असा. मुलाने त्यांना आठवडाभर थांबायची विनंती केली.

"का बरं? काही अडचण?"

"वाळवताना टिपकागद ओले राहिले," मुलगा म्हणाला. "घरातल्याच हातून झालं. नवीन हात आहे. माफ करा."

सून काउंटरच्या टोकाला बसून ठिपके भरत होती. तिने मान वर केली नाही. ब्रश फोटोवर टेकलेला होता तो तिथेच थांबला, आणि पांढऱ्या ठिपक्याच्या जागी काळा थेंब मोठा होत गेला. सपाटबाई तिच्यापासून दोन हातांच्या अंतरावर उभी होती. आत्ता, तिने स्वतःला सांगितलं, आत्ता बोल. केंद्रप्रमुख हसून "होतं हो, आमच्याकडेही नवीन पोरं शिडी उलटी लावतात" म्हणाले, आणि ती वेळ गेली.

त्या दुपारी ती अंधारखोलीत गेली. लाल दिव्यात मुलगा ट्रे हलवत होता, आणि रसायनाच्या पाण्याखाली एका जवानाचा चेहरा हळूहळू उमटत होता. उजेडात जे बोलता येत नाही ते इथे बोलता येईल, असं तिला वाटलं होतं.

"अरे, ते टिपकागदांचं..."

"आई, नको आता तू मनाला लावून घेऊस. मी समज दिलीय तिला."

"समज?"

"चुकलं तर चुकलं, पण कबूल करायला हवं ना माणसाने? ती अजून म्हणतेय, मी सगळे गरम केले होते. माझ्या तोंडावर खोटं बोलते याचंच मला जास्त वाईट वाटतं."

सपाटबाई तशीच बाहेर आली. आपण फार तर अठरा फोटो घालवले असं तिला वाटत होतं. इथे नवरा बायकोला खोटारडी समजून बसला होता, आपल्याच घरात, आपल्याच गालाच्या साक्षीवर. तिला स्वतःची अशी लाज वाटली की त्या दिवशी ती जेवली नाही. पोट बिघडलंय म्हणाली. म्हणजे आणखी एक खोटं.

आणि तरीही नाही सांगितलं. माणूस कसं असतं बघा. जितका उशीर होत गेला तितकं ते सांगणं जड होत गेलं. पहिल्या दिवशी नुसता दात सांगून भागलं असतं. आता, कळलं तेव्हाच का नाही बोललीस, याचंही उत्तर द्यावं लागणार होतं.

अकराव्या दिवशी नवे अठरा फोटो जाळीवर वाळायला आले. बाराव्या दिवशी दोघी त्या खोलीत समोरासमोर उभ्या राहिल्या. सुनेने प्रेसमधून गरम टिपकागद काढले. एकेक कागद दोन्ही हातांनी धरून ती सासूपुढे करायला लागली.

"आई, हा कोरडा आहे?"

"आहे."

"हा?"

"अगं, हाताला चटका बसतोय इतका गरम आहे. कोरडाच असणार."

"तुम्ही बघा आणि सांगा."

असे छत्तीस टिपकागद. एकही तिने स्वतःच्या अंदाजाने खाली ठेवला नाही. मग फोटोंची पाळी आली. सासूने पहिला फोटो उचलून आपल्या गालाला न लावता तिच्यापुढे धरला. "तू बघ. तुला काय वाटतं?"

"मला काय वाटतं ते राहू दे. तुम्हीच सांगा."

सुनेच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. रागाशी कसं वागायचं ते सपाटबाईला येत होतं. तिने सुनेच्या तोंडाकडे नीट पाहिलं. खिडकीतून उजेड तिच्या उजव्या बाजूवर पडला होता आणि तो गाल मऊ, किंचित चकचकीत दिसत होता. क्रीम लावलं होतं. दोन्ही गालांना.

म्हणजे पोरीने सोडून दिलं. कुणाला न सांगता, न भांडता, आरशासमोर उभं राहून एका सकाळी ठरवून टाकलं, की आपल्याला हे कळत नाही. तीच ती, जिला त्या दिवशी बरोबर कळलं होतं. चोवीस फोटोंत ते तीन सगळ्यांत ओले असणार, कडेची जाळी भिंतीला लागून असते, तिथे वारा पोचत नाही. एकतीस वर्षं त्या खोलीत काढलेल्या बाईला हे आता सुचत होतं. तिने सगळे फोटो गालाला लावले, वेळ पाहिली, थप्पी लावली.

चौदाव्या दिवशी केंद्रप्रमुख आले. मुलाने काउंटरवर स्वच्छ कागद अंथरून चोवीस फोटो चार रांगांत मांडले. एकाचाही कोपरा उठलेला नव्हता. केंद्रप्रमुख वाकून एकेकाचं नाव घ्यायला लागले. हा शिडीवरून कधी घाबरत नाही, हा घाबरतो पण चढतो. मग सरळ होऊन म्हणाले, "वा! सपाटबाईंचा हात तो... म्हणजे आपलं, तुमच्या मातोश्रींचा." मुलाचे कान लाल झाले. त्यांनी विषय बदलायचा म्हणून सुनेकडे बघून मिशीतल्या मिशीत हसत म्हटलं, "या खेपेला टिपकागद कोरडे होते वाटतं!"

सून कसनुसं हसली आणि खाली बघायला लागली.

"त्या खेपेलाही कोरडेच होते," सपाटबाई म्हणाली.

"आई?" मुलगा म्हणाला.

"टिपकागद कोरडे होते. हिने सगळे गरम केले होते. फोटो ओले होते, आणि ते कोरडे आहेत असं मी सांगितलं." मग तिने बोट घालून उजवीकडचा ओठ वर उचलला आणि मान उंच करून ती रिकामी जागा आधी मुलाला दाखवली, मग केंद्रप्रमुखांना. त्यांनीही बिचाऱ्यांनी वाकून बघितलं, काय करतील? "हा त्या दिवशी सकाळी काढला. कुणाला न सांगता. इंजेक्शनने गाल बधिर झाला होता, आणि तोच गाल घेऊन मी फोटो तपासले. हिने मला सांगितलं होतं, ओले आहेत म्हणून. मी हिला गप्प केलं."

केंद्रप्रमुख पुन्हा सरळ उभे राहिले.

"तुला हे कधी कळलं?" मुलाने विचारलं.

"आठ दिवस झाले."

"आठ दिवस? आणि तू..."

"लाज वाटली. आधी दाताची वाटली. मग हे तुमच्यापासून लपवलं त्याची." तिने मुलाकडे सरळ पाहिलं. "माझं चुकलं. आणि तुझंही चुकलं. मी एक म्हटलं आणि तू ते खरं धरलंस. बायको दहा वेळा सांगत होती, तिचं एकदा तरी ऐकलंस का?"

मुलगा वळला. त्याने बायकोकडे पाहिलं, पण ती तिथे नव्हती. ती आत निघून गेली होती. केंद्रप्रमुखांनी दोनदा खाकरून, फोटो उत्तम झालेत, उत्तम, असं म्हटलं आणि फोटो स्वतःच खोक्यात भरून दार उघडून गेले.

"थांब," सपाटबाई आत निघालेल्या मुलाला म्हणाली. "तू नंतर. आधी मी."

वाळवणीच्या खोलीत सून पाठ करून टिपकागदांची चळत सारखी करत होती. चळत सारखीच होती. सासू दारात उभी राहिली.

"हे मला एकटीला सांगितलं असतं तरी चाललं असतं," सून मागे न वळता म्हणाली.

"त्याने तुला त्या माणसासमोर बोल लावला होता. मग मीही त्या माणसासमोरच सांगायला हवं होतं."

सुनेने चळत पुन्हा ठोकून सारखी केली. मग म्हणाली, "मला वाटायला लागलं होतं, एखादी गठ्ठी माझ्याकडून खरंच राहिली असेल. मला आठवत होतं, आई. सगळे गरम केल्याचं स्पष्ट आठवत होतं. तरी रात्री पडल्या पडल्या वाटायचं, नसतील केले. स्वतःचंच खरं वाटेना मला." आता ती वळली. चेहरा ओला होता आणि ती रागावलेलीही होती, आणि दोन्ही तिने लपवलं नाही. "आठ दिवस तुम्ही बघत होतात हे."

"हो," सपाटबाई म्हणाली. ती पुढे येऊन टेबलाच्या अलीकडच्या बाजूला उभी राहिली. तिने विचारलं, "ते कडेचे तीन. किती गार लागले होते तुला?"

"चांगलेच. पाण्यातून नुकते काढल्यासारखे."

"इतके?"

"इतके."

"मग माझ्या मानेकडे कशाला बघत बसलीस गं? सरळ जाळीवर परत टाकायचे होतेस."

सुनेने डोळे पुसले. "मान तुमची होती म्हणून."

सपाटबाईने मान खाली घातली. एकतीस वर्षांत या खोलीत तिला कुणी इतकं मोठं काही म्हटलं नव्हतं, आणि ते ऐकायची आपली लायकी आज उरलेली नाही, हे तिला कळत होतं.

"यापुढे माझ्या मानेकडे नको बघूस," ती म्हणाली.